भौगोलिक माहितीशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण : खान्देशातील विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील पदवीधर आणि त्यांचे पालक या विषयाच्या प्रवेशाआधी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. शुल्क, जागांची संख्या आणि अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या मुद्दामच दिलेल्या नाहीत. त्यांसाठी त्या त्या संस्थेची चालू वर्षाची माहितीपुस्तिकाच पाहावी.

जीआयएस शिकणे आणि भौगोलिक माहितीशास्त्र शिकणे यांत फरक काय?

जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. जमिनीवरील कोणत्याही वस्तूची जागा आणि त्या वस्तूविषयीची माहिती एकत्र साठवायची, ती तपासायची आणि नकाशावर मांडायची, हे तिचे काम. कॅनडात 1960 च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी देशाच्या जमीनवापराची नोंद संगणकावर आणण्यासाठी जी व्यवस्था उभारली, तिथून या प्रणालीचा इतिहास सामान्यतः मोजला जातो. पुढे 1992 मध्ये भूगोलतज्ज्ञ मायकेल गुडचाइल्ड यांनी असा मुद्दा मांडला की, या प्रणाली वापरताना जे मूलभूत प्रश्न उभे राहतात त्यांचे स्वतंत्र शास्त्र आहे. नकाशातील चूक कशी मोजायची, प्रमाण बदलले की निष्कर्ष का बदलतो, जवळजवळच्या दोन जागा एकमेकींसारख्या असण्याचा हिशेब संख्याशास्त्रात कसा धरायचा, हे त्या शास्त्राचे प्रश्न आहेत. सॉफ्टवेअरमधील कोणते बटण दाबायचे हे सहा आठवड्यांच्या वर्गातही शिकता येते. ते बटण दाबल्यावर आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवता येण्यासाठी दोन वर्षे द्यावी लागतात. पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना ही एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली, तरी पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

खान्देशातील विद्यार्थ्याने या विषयाकडे का वळावे? येथे करण्याजोगे काय आहे?

खरे तर प्रबंधाच्या विषयासाठी खान्देशाइतका सोयीचा प्रदेश शोधूनही सापडणे कठीण आहे, असे आमचे मत आहे, आणि त्याची कारणे भावनिक नाहीत. उत्तरेला सातपुडा, मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, दक्षिणेकडून तिला येऊन मिळणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी आणि पांझरा या नद्या आणि त्यापलीकडे अजिंठ्याचे डोंगर, अशी या प्रदेशाची रचना उपग्रह चित्रात एका नजरेत दिसते. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत बेसाल्टच्या पठारात घुसलेल्या डाइक, म्हणजे उभ्या भिंतींसारख्या खडकांच्या लांबच लांब रांगा आहेत. त्या साध्या डोळ्यांनीही सरळ टेकड्यांसारख्या दिसतात आणि भूजलाला कुठे अडवतात, तर कुठे वाट करून देतात. यावल आणि रावेर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणि गाळ साचून तयार झालेला बझाडा पट्टा आहे. त्यातून केळीसाठी वर्षानुवर्षे उपसा झाल्याने तेथील पाणीपातळी खोल गेली आहे. पुनर्भरणासाठी योग्य जागा कुठल्या, हा तेथील जिवंत प्रश्न आहे, आणि तो उतार, माती, भूरचना व विहिरींच्या नोंदी एकावर एक ठेवूनच सोडवावा लागतो.

पांझरेवरील फड पद्धतीचा अभ्यास हा आणखी एक विषय. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या शिवाराचे फड, अशी ही सामुदायिक सिंचनव्यवस्था. एका फडात एका वर्षी एकच पीक आणि पुढच्या वर्षी पाळी बदलायची, असा तिचा नियम, आणि पाणी फिरवण्यासाठी पाटकरी व जागल्या नेमलेले असत. कोणते बंधारे आज वापरात आहेत, पाट कुठे बुजले आणि फडांच्या हद्दी सातबाऱ्याच्या गटांशी कशा जुळतात, याचा तपशीलवार नकाशा हे दोन वर्षांच्या अभ्यासात पुरे होऊ शकेल असे काम आहे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. जगभर फुकट मिळणारी 30 मीटरची उंचीची माहिती घेऊन पाटाचा उतार काढायला गेल्यास हाती काहीच लागत नाही, कारण त्या माहितीतील उंचीची चूक काही मीटरांची असते आणि पाटाचा एकूण उतारच मुळात तितका नसतो. तिथे लेव्हल यंत्र किंवा ड्रोन लागतो.

ऑगस्ट 2021 च्या अखेरीस चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नद्यांना आलेला पूर, सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली गेलेली अक्राणी व अक्कलकुव्याची नदीकाठची गावे, साक्री तालुक्यातील पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प, हे सगळे विषय याच अभ्यासाच्या कक्षेत येतात. लँडसॅट उपग्रहांची चित्रे 1972 पासून उपलब्ध आहेत आणि 2008 पासून ती विनामूल्य मिळतात, त्यामुळे धरणापूर्वीचा आणि धरणानंतरचा नर्मदाकाठ घरबसल्या पाहता येतो.

उपग्रहाच्या चित्रावरून केळीची बाग ओळखता येते का?

येते, पण विचारणारा समजतो तितक्या सहज येत नाही. आणि या एका उदाहरणातून संपूर्ण विषयाचे स्वरूप कळते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिणे योग्य ठरेल.

युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 उपग्रहांचे सर्वात बारीक चित्र 10 मीटरचे असते, म्हणजे चित्रातील एक चौकट जमिनीवर 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. आपल्याकडची जुनी शंकुसाखळी 33 फुटांची, म्हणजे दहा मीटरपेक्षा जेमतेम सहा सेंटिमीटर जास्त. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. म्हणून सेंटिनेलची एक चौकट म्हणजे जवळपास एक गुंठा, असे शेतकऱ्याच्या भाषेत सांगता येते. त्याच हिशेबाने लँडसॅटच्या 30 मीटरच्या एका चौकटीत नऊ गुंठे बसतात, तर आपल्या रिसोर्ससॅट-2 उपग्रहावरील 23.5 मीटरच्या लिस-3 कॅमेऱ्याच्या चौकटीत साडेपाच गुंठे. अर्ध्या एकराच्या बागेत लँडसॅटच्या मोजून दोनच चौकटी येतील, आणि त्यांतही बांधावरची झाडे, शेजारचा हरभरा आणि रस्ता मिसळलेला असेल. कोणते चित्र घ्यायचे, हा निर्णय असा शिवारातील धारणक्षेत्र पाहून घ्यायचा असतो.

दुसरी अडचण काळाची. जळगाव जिल्ह्यात मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) अशा दोन मुख्य हंगामांत केळीची लागवड होते. त्यामुळे जानेवारीतील एकाच दिवसाच्या चित्रात एक बाग घडांनी लगडलेली असते आणि शेजारची नुकतीच जमीन झाकू लागलेली असते. दोघी केळीच्याच, पण उपग्रहाला त्या दोन वेगवेगळ्या वस्तू दिसतात. कापसाचेही तसेच आहे. ठिबकवर मे महिन्यात लावलेला बागायती कापूस आणि पावसावर पेरलेला कोरडवाहू कापूस यांची हिरवेपणाची चढउतार वेगळी असते, आणि कपाशीत तुरीचे तास असतील तर दिवाळीनंतरही शेत हिरवे दिसत राहते. म्हणून एका चित्रावर न थांबता वर्षभराच्या चित्रांची मालिका घ्यावी लागते. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाशावर चालणारे कॅमेरे निरुपयोगी होतात, तेव्हा ढगांपलीकडचेही पाहणाऱ्या सेंटिनेल-1 सारख्या रडार उपग्रहाची जोड द्यावी लागते. भारत आणि अमेरिकेने मिळून 30 जुलै 2025 रोजी सोडलेला निसार हा उपग्रहही रडारवरच चालतो.

तिसरी गोष्ट अचूकतेची, आणि येथेच बहुतेक प्रबंध कच्चे राहतात. एखाद्या गावात शंभरपैकी वीस शेतांत केळी असेल आणि नकाशाने सगळीकडेच "केळी नाही" असे दाखवले, तरी त्याची अचूकता 80 टक्के भरते! म्हणून एकच टक्केवारी न देता संपूर्ण चूक-सारणी द्यावी लागते, म्हणजे केळीला कापूस किती वेळा म्हटले आणि कापसाला केळी किती वेळा, ते वेगवेगळे दिसते. शिवाय संगणकाला शिकवण्यासाठी घेतलेले नमुने आणि नंतर त्याची परीक्षा घेण्यासाठी वापरलेले नमुने एकाच शेतातून आलेले असतील, तर परीक्षेचा पेपर आधीच फुटल्यासारखे होते. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी 1970 मध्ये सांगितलेला नियम असा की सर्वच गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो, पण जवळच्या गोष्टींचा दूरच्यांपेक्षा अधिक असतो. तो वाचायला सोपा आहे. आपल्या स्वतःच्या नमुन्यांना लावायला मात्र अवघड जातो.

या अभ्यासक्रमाला कोणत्या शाखेचा विद्यार्थी पात्र असतो?

बहुतेक एम.एस्सी. अभ्यासक्रम भूगोल, भूशास्त्र, पर्यावरणशास्त्र, संगणकशास्त्र, कृषी, भौतिकशास्त्र, गणित आणि अभियांत्रिकीच्या पदवीधरांना खुले असतात. कला शाखेतून भूगोल घेतलेल्या विद्यार्थ्याला काही ठिकाणी थेट प्रवेश मिळतो, तर काही ठिकाणी बारावीला गणित असण्याची अट असते. ही अट माहितीपुस्तिकेत कुठेतरी मागच्या पानावर छापलेली असते, ती अर्ज भरण्यापूर्वी वाचावी. एम.टेक. साठी अभियांत्रिकीची पदवी किंवा संबंधित विषयातील एम.एस्सी. लागते.

गणित कच्चे आहे. झेपेल का?

अभ्यासक्रमापुरते गणित मर्यादित आहे, पण ते टाळता येत नाही. त्रिकोणमिती, सारणींचे (मॅट्रिक्सचे) गणित आणि संख्याशास्त्रातील सहसंबंध, प्रतिगमन व नमुना निवड, एवढे पक्के असले की गाडी अडत नाही. बी.ए. च्या तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात जे संख्याशास्त्र पाठ करून परीक्षेपुरते उरकले जाते, तेच येथे रोज वापरावे लागते. प्रवेशापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत अकरावी-बारावीचे गणिताचे पुस्तक पुन्हा सोडवणे, हा सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी उपाय आहे.

प्रोग्रॅमिंग आलेच पाहिजे का?

होय. पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा आणि एसक्यूएल ही माहितीसाठ्यातून हवी ती माहिती काढण्याची भाषा, या दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. एका तालुक्याचे एक चित्र हाताने तपासता येते. जिल्ह्याची तीन वर्षांची दीडदोनशे चित्रे हाताने तपासता येत नाहीत. त्यासाठी छोटा का होईना प्रोग्रॅम लिहावाच लागतो. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना याची धास्ती वाटते, पण अनुभव असा आहे की ज्याला प्रश्न नीट कळलेला असतो तो दुसऱ्या सत्रापर्यंत कामापुरते पायथन शिकतो. उलट संगणकशास्त्रातून आलेल्यास पाणलोटक्षेत्र म्हणजे काय हे समजायलाच वेळ लागतो.

हे शिक्षण कोठे मिळते?

जळगावातील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना 1990 मध्ये झाली आणि त्याचे कार्यक्षेत्र खान्देशचे तिन्ही जिल्हे आहे. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत भूगोलाचे पदव्युत्तर वर्ग चालतात, आणि त्यांत दूरसंवेदन (उपग्रहासारख्या दूरच्या साधनांनी जमिनीची माहिती घेणे) व जीआयएसचा भाग असतो. घरून ये-जा करून शिकण्याची ज्यांची निकड आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही. प्रबंधाचा विषय नीट निवडला तर त्यातूनही भक्कम काम उभे राहते.

पूर्ण वेळ भौगोलिक माहितीशास्त्रच, म्हणजे भूमाहितीशास्त्र किंवा जिओइन्फॉर्मेटिक्स, शिकायचे असल्यास पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूगोल विभाग आणि सिंबायोसिसची जिओइन्फॉर्मेटिक्स संस्था ही नावे प्रथम येतात. पवईला आयआयटी मुंबईच्या सीएसआरई या केंद्रात एम.टेक. करता येते आणि त्यासाठी गेट परीक्षा द्यावी लागते. गेटमध्ये 2022 पासून जिओमॅटिक्स अभियांत्रिकी हा स्वतंत्र पेपर सुरू झाला आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांना अद्याप माहीत नसते. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, जिला सगळे आयआयआरएस म्हणतात, 1966 पासून या क्षेत्रात शिकवते. इस्रोची ही संस्था एम.टेक. आणि पदव्युत्तर पदविका चालवते, शिवाय तिचे अल्पमुदतीचे ऑनलाइन वर्ग विनामूल्य असतात. प्रवेश कोठेही घ्यायचा असो, त्यापूर्वी या ऑनलाइन वर्गांपैकी एखादा पूर्ण करावा, म्हणजे विषय आपल्याला मानवतो की नाही हे खिशाला झळ न लागता कळते.

अभ्यासक्रम चांगला आहे की नाही, हे कसे ओळखावे?

माहितीपुस्तिकेत सॉफ्टवेअरची नावे किती छापली आहेत, याकडे दुर्लक्ष करावे. संख्याशास्त्र व प्रोग्रॅमिंगचे तास किती, क्षेत्रकाम सक्तीचे आहे का, शेवटचे सत्र संपूर्ण प्रबंधाला दिले आहे का, आणि मागील वर्षांचे प्रबंध ग्रंथालयात पाहायला मिळतात का, हे विचारावे. दोन-तीन जुने प्रबंध चाळले की संस्थेची पातळी लगेच कळते. सगळ्या प्रबंधांत शहर बदलून तोच जमीनवापर-बदलाचा नकाशा असेल, तर काय समजायचे ते समजावे. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून, प्राध्यापक प्रत्यक्ष शिवारात येतात का, एवढे विचारले तरी पुष्कळ माहिती मिळते.

एक वर्षाची पदविका पुरेशी आहे का?

ज्याच्याकडे स्थापत्य, कृषी किंवा संगणकाची पदवी आहे आणि ज्याला त्याच क्षेत्रात नोकरी करताना या विद्येची जोड हवी आहे, त्याला पदविका पुरते. केवळ पदविकेच्या बळावर संशोधनाकडे किंवा अध्यापनाकडे वळता येत नाही.

मी काढलेला नकाशा गट नकाशावर ठेवला की सरकतो. असे का होते?

हा प्रश्न पहिल्या सत्रातील प्रत्येकाला पडतो. पृथ्वीचा आकार किती धरायचा आणि वक्र पृष्ठभाग सपाट कागदावर कसा आणायचा, याचे वेगवेगळे संकेत आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने स्थलदर्शक नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी 1830 मध्ये दिलेल्या पृथ्वीच्या मापांवर आधारलेले आहेत, तर मोबाइलमधील जीपीएस डब्ल्यूजीएस-84 हे आजचे जागतिक माप वापरते. हा फरक लक्षात न घेता दोन्ही एकत्र केले, तर आपल्या भागात सगळे शंभराहून अधिक मीटर सरकते, म्हणजे विहीर सरळ शेजाऱ्याच्या शेतात जाते. काम मीटरमध्ये करायचे असेल तेव्हा खान्देशासाठी यूटीएमचा (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीचा) 43 वा उत्तर विभाग घ्यावा. तो 72 ते 78 अंश पूर्व रेखांशांदरम्यान पसरलेला आहे आणि त्याचे मध्यवर्ती रेखावृत्त, 75 अंश पूर्व, अमळनेरच्या अगदी जवळून जाते. त्यामुळे तिन्ही जिल्हे त्याच्या मध्यभागी येतात आणि अंतरांत होणारी चूक किरकोळ राहते. या बाबतीत आपण नशीबवान आहोत; नागपूरकरांना 44 वा विभाग घ्यावा लागतो आणि विदर्भाचा पश्चिम भाग 43 व्यात राहतो.

जुने स्थलदर्शक नकाशे शोधताना हेही ध्यानात ठेवावे की जळगाव, धुळे आणि नंदुरबार 46 क्रमांकाच्या मालिकेत येतात, पण ही मालिका 76 अंश पूर्वेला संपते. रावेर आणि त्यापुढचा मुक्ताईनगरकडचा भाग यांसाठी 55 क्रमांकाची मालिका मागवावी लागते. ती मागवायचे राहून गेले, की जिल्ह्याच्या नकाशाची पूर्वेकडची कड कोरी राहते.

गट नकाशाची गोष्ट आणखी वेगळी आहे. तो साखळीने मोजून कापडावर किंवा कागदावर काढलेला असतो, त्याला अक्षांश-रेखांश नसतात आणि कागद दशकांनुदशके घडी घालून ठेवलेला असतो. त्याला शिवेवरचे दगड, विहिरी आणि गावरस्त्यांचे तिठे अशा खात्रीच्या खुणांवरून जमिनीशी जुळवावे लागते. हे जुळवणे शैक्षणिक अभ्यासासाठी ठीक असते. त्यावरून बांधाचा वाद मिटवायला जाऊ नये, ते काम भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीचे आहे.

वनहक्काच्या दाव्यांत उपग्रह चित्रे वापरतात, असे ऐकले. त्यात या शास्त्राची भूमिका काय?

नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबांतून आलेले विद्यार्थी हा प्रश्न आवर्जून विचारतात, आणि तो महत्त्वाचा आहे. वनहक्क कायदा 2006 चा असून, 13 डिसेंबर 2005 पूर्वी जमीन प्रत्यक्ष कसत असणे ही त्यातील अट आहे. त्या काळातील उपग्रह चित्रात शेत दिसते का, हे पाहिले जाते. पण सातपुड्याच्या उतारावरचे एखादे शेत पंधरा-वीस गुंठ्यांचे असते, त्यात मोहाची झाडे मुद्दाम राखलेली असतात आणि पीक निघून गेल्यावरच्या महिन्यांत ते आजूबाजूच्या पडीक जमिनीसारखेच दिसते. तेवीस मीटरच्या चित्रात ते न दिसणे म्हणजे ते नव्हते, असे होत नाही. याच कारणाने 2012 च्या दुरुस्त नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, उपग्रह चित्रे इतर पुराव्यांना पूरक ठरू शकतात, पण त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. चित्रात काय दिसू शकत नाही, हे पुराव्यासह सांगू शकणारा माणूस या प्रक्रियेत हवा असतो, आणि तो पावरी किंवा भिलोरी बोलणारा असेल तर गावकऱ्यांशी बोलणेही सोपे होते.

महागडे सॉफ्टवेअर आणि भारी लॅपटॉप घ्यावा लागतो का?

क्यूजीआयएस हे पूर्णपणे विनामूल्य आहे आणि पदव्युत्तर अभ्यासाचे जवळपास सर्व काम त्यावर होते. माहितीसाठी इस्रोचे भुवन संकेतस्थळ आणि लँडसॅट व सेंटिनेलची चित्रे फुकट मिळतात. गूगल अर्थ इंजिन शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य आहे. त्यात आकडेमोड दूरच्या संगणकावर होत असल्याने साध्या लॅपटॉपवरही जिल्हाभराचे काम चालते. खेड्यात नेट मंद असले तरी हे चालते, हा त्याचा खरा फायदा. लॅपटॉप घ्यायचाच असेल तर 16 जीबी रॅम पाहावी, बाकी दिखाऊ गोष्टींवर पैसे घालवू नयेत. आर्कजीआयएस नोकरीच्या ठिकाणी पुष्कळ वापरले जाते, म्हणून संस्थेच्या प्रयोगशाळेत ते शिकून घ्यावे. चोरीची प्रत वापरू नये.

शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजीची अडचण येईल का?

पहिले सत्र जड जाते, हे खरे आहे. पुस्तके, व्याख्याने आणि परीक्षा इंग्रजीत असतात. मात्र या विषयातील शब्दसंग्रह लहान आणि ठरावीक आहे. दोन-तीनशे संज्ञा पक्क्या झाल्या की वाचन सुरळीत होते. प्रत्येक संज्ञेची व्याख्या स्वतःच्या मराठीत वहीत लिहून काढावी. ज्याला ती मराठीत सांगता येत नाही, त्याला ती इंग्रजीतही कळलेली नसते.

क्षेत्रकामाला मुलीला पाठवावे का, असे पालक विचारतात.

क्षेत्रकाम गटाने केले जाते, त्याचे वेळापत्रक आधी ठरलेले असते आणि बहुतेक ठिकाणी प्राध्यापक सोबत असतात. निवासाची व्यवस्था काय आहे, हे संस्थेला लेखी विचारण्याचा पालकांना हक्क आहे. प्रबंधाचे काम स्वतःच्या तालुक्यात ठेवले तर ओळखीच्या गावांतून फिरता येते. शेतावर निंदणी आणि वेचणी करणाऱ्या बायका मुलींशी जितक्या मोकळेपणाने बोलतात तितक्या मुलांशी बोलत नाहीत, त्यामुळे माहिती पुष्कळदा मुलींनाच चांगली मिळते.

नोकरी कोठे मिळते?

सरकारी बाजूला नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र येथे प्रकल्पापुरत्या कंत्राटी जागा निघतात. कायम जागा थोड्या. खासगी बाजूला पुणे, हैदराबाद, बंगळूर आणि नोएडा ही मुख्य ठिकाणे आहेत. तेथे नेव्हिगेशनचे नकाशे, दूरसंचार, वीजवाहिन्या, पीकविमा आणि महानगरपालिकांच्या मालमत्तांचे सर्वेक्षण, अशी कामे चालतात. सुरुवातीची नोकरी अनेकदा नुसती डिजिटायझेशनची असते, दिवसभर चित्रावरून घरांच्या कडा गिरवायच्या. तिथे वर्षभराच्या पुढे अडकून राहू नये, आणि त्यातून बाहेर काढणारी गोष्ट म्हणजे आधी सांगितलेले पायथन.

धोरणाची दिशा अनुकूल आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरील जुनी बंधने मोठ्या प्रमाणात सैल केली आणि डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण अधिसूचित झाले. एप्रिल 2020 मध्ये जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते, आणि महाराष्ट्रात 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. या सर्व योजनांत माहिती गोळा होते, पण ती तपासणारी माणसे कमी पडतात.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. भूमी अभिलेख विभागाच्या भूकरमापक पदासाठी जाहिरातींत स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा सर्वेक्षकाचा आयटीआय अभ्यासक्रम मागितला जातो. भूमाहितीशास्त्रातील एम.एस्सी. केली म्हणजे त्या पदाला आपोआप पात्र ठरलो, असे धरून चालू नये.

नेट, सेट आणि पीएच.डी. चे काय?

महाविद्यालयात भूगोलाचे अध्यापन करायचे असल्यास नेट किंवा सेट भूगोल विषयात द्यावी लागते, आणि जाहिरातीत पदव्युत्तर पदवी संबंधित विषयातीलच मागतात. ज्याचे ध्येय प्राध्यापकी हेच आहे, त्याने भूगोलात एम.ए. किंवा एम.एस्सी. करून भूमाहितीशास्त्राची पदविका जोडणे अधिक सुरक्षित. संशोधन संस्था आणि परदेशी विद्यापीठे मात्र पदवीच्या नावापेक्षा प्रबंध पाहतात.

खर्चाची सोय कशी करावी?

विद्यापीठांच्या विभागांतील शुल्क खासगी संस्थांच्या मानाने बरेच कमी असते. राज्याच्या शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलतींचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. बाहेरगावी वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा. ऐन जुलैत सेतू केंद्रापुढे रांगा लागतात. गेटमधून एम.टेक. ला प्रवेश मिळाल्यास विद्यावेतन मिळू शकते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे काम संपणार नाही का?

कडा गिरवण्याचे काम कमी होत चालले आहे, आणि ते कमी झालेलेच बरे. पण मृगबाग आणि कांदेबाग यांतला फरक यंत्राला शिकवायला शिवारातून खात्रीचे नमुने आणावे लागतात, आणि यंत्राचे उत्तर कुठे चुकते हे तपासायलाही पुन्हा शिवारातच जावे लागते.

प्रवेशाआधीच्या सुट्टीत काय करावे?

क्यूजीआयएस उतरवून घ्यावे आणि आपल्याच गावाचा नकाशा करावा. गावाची शीव, रस्ते, नाले, पाण्याची टाकी, सार्वजनिक विहिरी आणि शाळा गूगलच्या चित्रावरून काढाव्यात. मग मोबाइल घेऊन प्रत्येक विहिरीवर जाऊन तिचे स्थान नोंदवावे. पाणी किती हात खोल आहे, हे दोरीला दगड बांधून मोजावे आणि मे महिन्यात कोणत्या विहिरी आटतात हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावे. जीपीएसने दाखवलेली जागा आणि चित्रातील विहीर यांत किती मीटरांचा फरक पडला, तेही प्रत्येक विहिरीसमोर नोंदवावे. हा नकाशा आणि ती वही मुलाखतीला सोबत न्यावी. मुलाखत घेणारे सहसा त्या फरकाच्या रकान्यावरच पहिला प्रश्न विचारतात.